ऋतूच्या पानावर चार दिवस : पेडणे-डिचोलीचा पाहुणचार

'विश्रांती घ्या' हे दोन शब्द आपण डॉक्टर मंडळी दिवसाकाठी दहा-वीस वेळा तरी उच्चारतो. रुग्ण मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका सहाध्यायी फिजिशियनने माझ्या दंडाला पट्टा बांधला, १६०/१०० हा आकडा मला दाखवला आणि तेच दोन शब्द ऐकवले, तेव्हा मीही रुग्णासारखीच मान डोलावली. तो मात्र मला पुरता ओळखून होता. औषध लिहून दिल्यावर त्याने अट घातली, की श्रावणात चार दिवस दवाखाना बंद ठेवायचा आणि गोव्यात जायचे. पण समुद्रकिनाऱ्यावर नव्हे. त्या चार दिवसांतून पेडणे आणि डिचोली या तालुक्यांशी जो ऋणानुबंध जडला, त्याविषयी लिहावे असा स्मरणिकेच्या संपादकांचा आग्रह आहे.

पेडण्याला किनारा नाही असे नाही. हरमल, मांद्रे, मोरजी ही नावे सर्वपरिचित आहेत. परंतु मी म्हणतो तो मुलूख आतला : तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मधला, हळर्ण, इब्रामपूर, चांदेल अशा गावांचा, आणि पलीकडे डिचोलीतील मये, नार्वे, हरवळे यांचा. पोर्तुगीजांच्या हाती हा भाग उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. पेडणे तर १७८८ मध्ये. त्यामुळे देवळे जागच्या जागी राहिली. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. या इतिहासाचा जेवणाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा, की येथील स्वयंपाकघर आजही देवळाच्या पंचांगावर चालते. कोणत्या महिन्यात मासळी आणि कोणत्या महिन्यात शिवराक, हे पाहुण्याच्या मर्जीवर ठरत नाही.

आम्ही मात्र ते मर्जीवर ठरवू पाहिले. त्या पहिल्या खेपेस आम्ही तीन डॉक्टर सपत्नीक गेलो होतो. उतरलो ते एका जुन्या घरात. मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, पुढे सोप्यावर बसायला मातीचे लिंपलेले ओटे. मागची चार दालने पाहुण्यांसाठी नीट केलेली. पोहोचताच आमच्यापैकी एकाने सुरमईची फर्माईश केली. जून-जुलैत गोव्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या वर्षी ती नुकतीच उठली होती आणि समुद्र खवळलेलाच होता. घरच्या वहिनींनी 'नाही' म्हटले नाही. त्यांचा मुलगा भर पावसात म्हापशाला गेला आणि बर्फातली, कुठून आली कुणास ठाऊक अशी सुरमई घेऊन आला. ती बेचव होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांसाठी शिजलेल्या भाजीचा वास सोप्यापर्यंत आला, तेव्हा आम्हाला आमची चूक कळली. ती भाजी टायकिळ्याची होती.

टायकिळा म्हणजे आपला टाकळा. पहिल्या सरींबरोबर तो रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत उगवतो. कोवळा पाला, साठवलेल्या फणसाच्या आठळ्या (इकडे त्यांना भिकणां म्हणतात) आणि वर खवलेला नारळ, एवढेच त्याचे साहित्य. मी सोबत पाला खुडायला गेलो असता घरच्या आजींनी माझ्या हातातील एक फांदी झटकून टाकली. दिसायला ती जवळपास तशीच होती. पण टायकिळ्याची पाने टोकाशी गोलसर असतात आणि या फांदीची टोकदार होती. तो कासविंदा होता. या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी जो जीवघेणा 'मेंदूज्वर' होई, तो विषाणूंमुळे नसून कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू यांना होणारी विषबाधा आहे, असे तेथील बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले होते. मी तो शोधनिबंध वाचलेला होता. झाड मात्र मला ओळखता आले नव्हते. आजींनी निबंध वाचलेला नव्हता.

पुढे आठवडाभर पानात जे जे येते त्यात असाच काही ना काही विचार दडलेला असतो. लुतीचा पाला हा सुरणाच्या रानटी भावंडाचा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची दाटी असते, म्हणून तो घशाला खाजतो. तो भरपूर शिजवतात आणि सोबत आमसूल किंवा आंबाडा घालतातच. आंबटाशिवाय लूत चुलीवर चढत नाही. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी मात्र चवीपुरतीच घ्यावी, हे मी आजींना भीतभीत सांगितले. फागलां म्हणजे करटोली. त्यांच्याविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. वारुळांवर उगवणारी ओळमी ही या हंगामाची राणी. नारळाच्या वाटणात केलेले तिचे तोंडाक एकदा खाल्ले, की बाजारातील डबाबंद अळंबी आठवतही नाही. पण येथे डॉक्टर म्हणून सूचना करणे भाग आहे. ओळमी जाणकाराच्या हातचीच खावी, स्वतः खुडू नये. विषारी अळंबीच्या काही जातींत उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये एखादा दिवस रुग्णाला बरे वाटते आणि मग यकृत कोसळते. त्या फसव्या बऱ्या दिवशी घरी पाठवलेला रुग्ण परत येतो तो काविळीने पिवळा होऊन.

सकाळी दहाच्या सुमारास पेज मिळते, उकड्या तांदळाची. मी राजांगणात उभा राहून उकड्या तांदळाचे गुणगान करू लागलो. भात सालीसकट भिजवून उकडला की कोंड्यातील थायमिन दाण्याच्या आत शिरते आणि पुढे सडला तरी बरेचसे टिकते. आयकमन या डच वैद्याने बटाव्हियात कोंबड्यांवर जे पाहिले आणि ज्यासाठी त्याला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, ते हेच, वगैरे. आजींनी वाडगा पुढे केला : "दोतोर, उलोवप मागीर, पयलीं पेज." पेजेसोबत खारवलेल्या कैरीची फोड असते, तोर म्हणतात तिला. रक्तदाबाच्या रुग्णाने तिच्यापासून दूर राहावे. मी एक फोड खातो.

चतुर्थीच्या आसपास हळदीच्या पानांतील पातोळ्या आणि खतखते असते. खतखत्यात कंदमुळे, भाज्या, तूरडाळ, गूळ, आमसूल आणि तिरफळ. तिरफळाने जिभेला ज्या मुंग्या येतात त्या चवीच्या नव्हेत, स्पर्शाच्या आहेत; ते फळ स्पर्श वाहणारे तंतूच चाळवते.

उरलेल्या ऋतूंविषयी थोडक्यात. तुळशीच्या लग्नानंतर कणगां, करांदे असे कंद निघतात, मळ्यात तांबडी भाजी आणि पुढे अळसांदे येतात, आणि रात्री पेडण्याच्या गावोगावच्या जत्रांत दशावतार पाहायला मिळतो. फाल्गुनात ओल्या काजूगराची भाजी. त्या कच्च्या बीच्या टरफलातील चिकाने हात भाजतात, सोलणाऱ्या बायकांचे तळवे पाहिल्यास त्वचारोगाचा एक धडा मिळतो. चैत्र-वैशाखात मानकुराद आंबा, फणस आणि काजूच्या बोंडांचा ताजा नीरो. मधुमेही सहकाऱ्यांनी हे दोन महिने टाळावेत, असे मी लिहिणार होतो. पण त्यांनी जावे आणि ग्लुकोमीटर सोबत न्यावा.

दुपारी काय करायचे, असे मला पुष्कळजण विचारतात. काही करायचे नाही. फार तर हरवळ्याचा धबधबा आणि जवळची कोरीव लेणी पाहावीत, मयेच्या तळ्याकाठी बसावे. पहिले दोन दिवस मी दर अर्ध्या तासाने मोबाईल पाहत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी सोप्यावर झोप लागली, ती दिवेलागणीला मोडली. इंटर्नशिपच्या आधीपासून मी असा झोपलो नव्हतो. चौथ्या दिवशी रक्तदाब १३८/८६ भरला. त्याचे श्रेय गोळीला, झोपेला की टायकिळ्याला, हे एका मोजणीवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

एक गोष्ट त्या सोप्यावर बसून उमगली, ती येथे नोंदवतो. हे जेवण शेतीवर उभे आहे आणि शेती डगमगते आहे. डिचोलीत शिरगाव, मुळगाव, मये या गावांभोवती लोहखनिजाच्या खाणी आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या थांबल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये लिलावात दिलेल्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. खाण चालते तेव्हा शेतात माती उतरते आणि विहिरीचे पाणी खाली जाते. खाण बंद पडते तेव्हा ज्यांनी ट्रक घेतले त्यांच्या घरी हप्त्यांची चिंता असते. पेडण्यात मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे होऊ लागली. आपल्याला तेथून तासाभरात गावी पोहोचता येते, ही सोय खरी. त्याच रस्त्याने जमिनीचे दलालही पोहोचतात. वहिनींच्या शेजारचे भाट विकले गेले, कुंपण पडले. टायकिळा पूर्वी तेथे उगवे. आता आजींना पाऊण मैल चालावे लागते. वहिनींच्या मुलीला टायकिळा ओळखता येतो, लूत येत नाही. ती पणजीला फार्मसी शिकते आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार सूचना. घर पर्यटन खात्याकडे नोंदलेले आहे ना, हे आधी विचारावे. गोव्यात १९८२च्या कायद्यान्वये ती नोंदणी बंधनकारक आहे. पथ्य, मधुमेह, कसली ॲलर्जी असेल ते दूरध्वनीवरच सांगावे, ऐनवेळी पानावर बसून नव्हे. 'त्या दिवसांत घरी जे होईल ते' असे सांगून मोकळे व्हावे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पावसात जाणाऱ्यांनी जळवांना भिऊ नये, पण शेताच्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसविषयी या वाचकांना अधिक सांगणे नको. आणि चतुर्थीच्या ऐन दिवसांत खोली मागू नये. त्या दिवसांत त्या घराला मुंबई-पुण्याहून परतलेल्या स्वतःच्या माणसांसाठीच जागा अपुरी पडते.