दोन कोटी कोटी कोटी!

तापाची साधी गोळी घ्या. पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅम. तिच्यात रेणू किती? दोनावर एकवीस शून्यं. म्हणजे दोन कोटी कोटी कोटी! 'कोटी' तीनदाच आहे, छपाईची चूक नाही.

चला, वाटून टाकू. रेणूमागे एक रुपया धरला, तर 140 कोटी भारतीयांत माणशी येतात सुमारे 1 लाख 43 हजार कोटी रुपये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा होता. घरटी सोडा, माणशी एक बुलेट ट्रेन, वर पस्तीस हजार कोटी सुटे!

रांगेत उभे करायचे? रेणू जेमतेम नॅनोमीटरभर, पण रांग 200 कोटी किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या एक कोटी तेहतीस लाख खेपा! सूर्यापासून निघाली तर शनी मागे पडतो. बरं, लोकलने धाडू. रोज 75 लाख प्रवासी, वर्षभरात एकही मेगाब्लॉक नाही (कल्पनाच करायची तर कंजुषी कशाला!). लागतील 73 हजार कोटी वर्षं. विश्वाचं वयच मुळी 1,380 कोटी!

हे सगळं बिऱ्हाड आपलं यकृत साधारण एका दिवसात हलवतं. सेकंदाला सरासरी 200 कोटी कोटी रेणू! तेही नुसते ढकलून नव्हे. बहुतेक रेणूंना साखरेपासून झालेलं आम्ल नाहीतर गंधकाचा तुकडा चिकटवायचा, मग ते पाण्यात सहज विरघळतात आणि लघवीवाटे जातात. साखरवाल्या रेणूचं वजन दुपटीवर जातं. पाहुणा जड करून घालवायचा, काय डोकं आहे! त्यासाठी यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त फिरतं. सहा मीटर रुंद, दहा मीटर पाण्याच्या पावणेतीन विहिरी वर्षाला उपसल्या म्हणा.

शंभरातले पाच-दहा रेणू मात्र तिसऱ्या वाटेला लागून विषारी होतात. पाचच धरले तरी दहा लाख कोटी कोटी! ग्लुटाथायॉन नावाचा पदार्थ त्यांना जागच्या जागी धरतो.

आता मांजर. तिच्या यकृतात साखर चिकटवणारं ते यंत्रच मोडकं. गंधकाची वाट लवकर तुंबते आणि लोंढा वळतो विषाच्या वाटेकडे. गोळीचा दहावा तुकडासुद्धा, म्हणजे वीस लाख कोटी कोटी रेणू, तिच्या जिवावर बेतू शकतो.