मुलांच्या प्रश्नाला मान देणारे मासिक

"गप्प बस, पुस्तकात लिहिलंय तेवढं पाठ कर." प्रश्न विचारणाऱ्या मुलाला हे वाक्य घरात आणि शाळेत किती वेळा ऐकावे लागते? असे गप्प बसवलेले मूल मोठेपणी कोणीही काहीही सांगितले तरी खरे मानते. मग आपणच तक्रार करतो की, नवी पिढी चिकित्सक नाही. यावर एक उपाय शेजारच्या मध्य प्रदेशात करून पाहिला गेला. तो आपण समजून घेतला पाहिजे.

१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत 'किशोर भारती' आणि रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचे नाही, स्वतः प्रयोग करून शिकायचे, हे त्याचे सूत्र होते. मुले मनातले प्रश्न पत्राने 'सवालीराम'ला विचारत. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हता. कार्यक्रमातील मंडळीच त्या नावाने मुलांना उत्तरे देत. खेड्यातल्या मुलाच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देते, ही गोष्ट लहान नव्हती.

या कामातूनच १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. महाभारतात ज्याला विद्या नाकारली गेली, त्याचेच नाव तिने घेतले. १९८५ मध्ये भोपाळहून तिचे 'चकमक' हे हिंदी मासिक निघाले. सुरुवातीला ते बालविज्ञान पत्रिका म्हणूनच ओळखले जाई. त्यात विज्ञानाबरोबर गोष्टी, चित्रे, कोडी असत आणि 'मेरा पन्ना' या सदरात मुलांचे स्वतःचे लेखन छापले जाई. मूल तिथे फक्त वाचक राहिले नाही, लेखकही झाले.

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, असे अनेकजण म्हणतील. त्यासाठी अरविंद गुप्ता यांचे काम पाहावे. ते आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी करताना रजा घेऊन ते होशंगाबादच्या कामात गेले. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमिती शिकवण्याची रीत काढली. गुल खरवडलेल्या तीन काड्या जोडून त्रिकोण करा. तो दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरका होतो. त्यात कर्णाची काडी बसवा, तो पक्का होतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झाले. विजेच्या मनोऱ्यात आणि पत्र्याच्या शेडखालच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला न सांगता कळते. खर्च चहाच्या एका कपाएवढाही नाही. पुढे गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने शाळांतून बाहेर गेले. 'चकमक' मात्र निघत राहिले. यातून कार्यकर्त्यांनी घ्यायचा धडा स्पष्ट आहे. शाळेतला कार्यक्रम सरकार बंद करू शकते. वाचकांच्या हाती गेलेले मासिक असे बंद होत नाही.

संविधानाच्या कलम ५१अ (ह) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. हे कलम आपण भाषणात वारंवार सांगतो. पण दृष्टिकोन भाषणाने येत नाही, हाताला सवय लागली तर येतो.

म्हणून आपण काय करू शकतो? जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग मुलांच्या विज्ञान मासिकाच्या वर्गणीसाठी ठेवू. विहारात किंवा समाजमंदिरात त्याचे अंक मुलांच्या हाती पडतील असे ठेवू, कपाटात कुलूपबंद नको. रविवारी तासभर मुलांना जमवून अंकातला एक प्रयोग करू. भिंतीवर एक फळा लावून त्यावर मुलांचे प्रश्न लिहू. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, चल शोधू" असे सांगायला लाजायचे नाही.

मासिक निवडताना एवढेच पाहावे: अंक वाचून झाल्यावर मूल काही करून बघते का, आणि नवा प्रश्न विचारते का? विचारत असेल, तर ती वर्गणी सार्थकी लागली.