विश्लेषण : चीनमध्ये भर उन्हाळ्यात लोक पाठ उन्हात का शेकतात? काय आहे ‘शाइबेइ’?

नदीकाठच्या दगडी कट्ट्यावर पंचवीस-तीस माणसे ओळीने पालथी झोपली आहेत. पाठ उघडी किंवा पातळ कापडाने झाकलेली, डोक्यावर छत्री नाहीतर टोपी आणि वर रणरणते ऊन. चीनमधले असे व्हिडीओ गेली काही वर्षे जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतात. यात आजी-आजोबा असतात आणि ऑफिसातल्या एसीने अंग आखडले म्हणून आलेली तरुण मुलेही. या प्रकाराला चिनी भाषेत ‘शाइबेइ’ म्हणतात. ‘शाइ’ म्हणजे उन्हात वाळवणे आणि ‘बेइ’ म्हणजे पाठ. आपण पापड-कुरडया वाळत घालतो तशी पाठ वाळत घालायची!

पाठच का?

पारंपरिक चिनी वैद्यकाचा पाया यिन आणि यांग या जोडीवर आहे. थंडावा, ओल, स्थिरता ही यिनची बाजू, तर ऊब, कोरडेपणा, हालचाल ही यांगची. शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते, असे हे शास्त्र मानते. त्यातला ‘दु माई’ हा मार्ग पाठीच्या कण्यावरून वर डोक्याकडे जातो. शरीरातल्या सगळ्या यांगवर त्याचा अंमल चालतो, म्हणून त्याला यांगचा समुद्र म्हणतात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मूत्राशयाशी जोडलेला मार्ग उतरतो आणि फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे बिंदूही त्याच पट्ट्यात येतात. सूर्य हा यांगचा सर्वांत मोठा स्रोत. मग पाठ उन्हाला दिली की यांग थेट मुख्य लाइनमध्ये भरते, असा हा हिशेब आहे. मोबाइल चार्जिंगला लावण्याची उपमा इथे फारच सोयीची पडते.

चिनी वैद्य एरवी हेच काम ‘मॉक्सा’ने करतात. आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पाने पेटवून बिंदूंवर धग देतात. उन्हात पाठ शेकणे म्हणजे निसर्गाने फुकट दिलेला मॉक्सा, असे समर्थक सांगतात.

मग हिवाळ्यात न करता कडक उन्हाळ्यात का?

याचे उत्तर चिनी पंचांगात आहे. वर्षातल्या सर्वाधिक उष्ण, दमट काळाला तिथे ‘सानफू’ म्हणतात. ‘सान’ म्हणजे तीन आणि ‘फू’ म्हणजे दडून बसणे. चिनी पंचांगात दिवस दहा-दहाच्या चक्रात मोजले जातात आणि त्या चक्रातल्या सातव्या दिवसाला ‘गंग’ म्हणतात. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरचा तिसरा गंग आला की पहिला फू सुरू होतो आणि चौथ्याला दुसरा. शरदाची सुरुवात मानल्या जाणाऱ्या दिवसानंतर जो पहिला गंग येईल, त्या दिवशी तिसरा फू लागतो. त्यामुळे मधला फू कधी १० दिवसांचा असतो, कधी २० दिवसांचा. २०२४ मध्ये सानफू १५ जुलै ते २३ ऑगस्ट असा ४० दिवस चालला, तर २०२५ मध्ये २० जुलै ते १८ ऑगस्ट असा ३० दिवसांतच आटोपला. कॅलेंडर बनवणाऱ्याने हा फॉर्म्युला काय मन लावून बसवला असेल!

याच काळाशी चिनी वैद्यकातले ‘हिवाळ्याच्या आजारावर उन्हाळ्यात उपचार’ हे तत्त्व जोडलेले आहे. दमा, जुना खोकला, थंडीत दुखणारे सांधे ही दुखणी अंगात मुरलेल्या गारठ्यामुळे होतात आणि बाहेर यांग शिगेला पोहोचलेली असताना तो गारठा काढणे सोपे जाते, असे मानतात. १७व्या शतकाच्या अखेरीस चांग लू या वैद्याने आपल्या ग्रंथात दम्यासाठी उन्हाळ्यात पाठीवर लावायच्या लेपाची कृती दिली होती. पांढऱ्या मोहरीसह काही औषधे आल्याच्या रसात कालवून हा लेप करतात. आजही सानफूमध्ये चिनी रुग्णालयांबाहेर या लेपाच्या पट्ट्या लावून घ्यायला रांगा लागतात. शाइबेइ हा त्यातलाच घरगुती, बिनखर्चाचा प्रकार म्हणायचा.

जुने ग्रंथ नेमके काय सांगतात?

रील्समध्ये या उपायाला ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हटले जाते. उन्हाचे कौतुक जुने आहे, हे खरेच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या मूळ वैद्यकग्रंथात उन्हाळ्यात उन्हाचा कंटाळा करू नये आणि हिवाळ्यात ऊन वर आल्यावरच उठावे, असा सल्ला आहे. ‘लिएझी’ या ताओवादी ग्रंथात एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट येते. फाटक्या तागाच्या कपड्यांत हिवाळा काढलेल्या या माणसाला वसंतात पाठीवर ऊन घेताना इतके सुख वाटते की, हा शोध राजाला भेट देऊन बक्षीस मिळवू, असे तो बायकोला सांगतो. जगात उबदार वाडे आणि लोकरी कपडे असतात, हे बिचाऱ्याला माहीतच नसते. आपली भेट किरकोळ आहे, हे नम्रपणे सांगायला चिनी माणूस आजही या गोष्टीचा वाक्प्रचार वापरतो.

पाठीच्या उन्हावर सर्वांत नेमके लिहिले ते १८व्या शतकातल्या छाओ थिंगदोंगने. सत्तरी ओलांडल्यावर त्याने म्हाताऱ्यांच्या दिनचर्येवर ‘लाओ लाओ हेंग यान’ हे पुस्तक लिहिले. वारा पडलेला, आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेच्या खिडकीशी उन्हाकडे पाठ करून बसावे, कण्याला किंचित ऊब मिळाली की सगळे अंग मोकळे होते, असे तो सांगतो. दुपार कलल्यावर मात्र फार वेळ बसू नये, असेही बजावतो.

म्हणजे खिडकीशी बसायचे आहे आणि ऊबही किंचितच घ्यायची आहे. तापलेल्या दगडावर दोन तास पालथे पडणे यात कुठेच बसत नाही. व्हिडीओतला प्रकार जुन्या नावाने चालणारा बराचसा नवा उद्योग आहे, असे म्हणायला इथे जागा आहे.

आधुनिक विज्ञानाच्या कसोटीवर काय उरते?

‘दु माई’सारखे मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेले नाहीत. पाठ उन्हात शेकल्याने दमा बरा होतो, असे म्हणायला भक्कम पुरावाही नाही. उन्हाचे काही फायदे मात्र पक्के आहेत. सूर्यप्रकाशातल्या अतिनील-बी किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. पाठ हा त्वचेचा मोठा भाग असल्याने तिथे ते बऱ्यापैकी बनू शकते. उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, त्यामुळे ‘बरे वाटले’ हा अनुभवही खोटा नाही.

गंमत अशी की, ही किरणे सूर्य उंच असतानाच जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हात ती फार कमी असतात आणि खिडकीची काच ती जवळपास पूर्ण अडवते. (छाओच्या काळी खिडक्यांना कागद असे, पण त्यालाही ड जीवनसत्त्व नको होते, ऊब हवी होती.) आणि जी किरणे ड जीवनसत्त्व देतात, तीच त्वचा भाजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्याच्या किरणोत्साराला १९९२ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

धोका कोणाला?

जुलै २०२५ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातली साठी ओलांडलेली एक महिला भर दुपारी सुमारे दोन तास पाठ शेकल्यानंतर मेंदूत रक्तस्राव होऊन कोमात गेली. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली. एका घटनेवरून उन्हानेच रक्तवाहिनी फुटली, असे सिद्ध होत नाही. पण उष्णतेत हृदयावर ताण येतो, घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि रक्तदाब वर-खाली होतो. त्या वयात एवढे पुरेसे असते.

चीनमधले वैद्यही आता दुपार टाळा, डोके झाका, सुरुवात १५-२० मिनिटांनी करा, पाणी प्या, असे सांगू लागले आहेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी यापासून लांबच राहावे. मधुमेहाने पायांची किंवा त्वचेची संवेदना कमी झाली असेल, तर चटका बसल्याचे कळतही नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते.

हे आपल्याकडे करता येईल का?

इथे पंचांगाचा घोळ आहे. चीनचा सानफू येतो तेव्हा महाराष्ट्रात पावसाळा असतो. आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेचा आणि त्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चिनी रील पाहून नागपूर-चंद्रपूरच्या गच्चीवर मे महिन्यात पालथे पडणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले, बोलणे असंबद्ध झाले की ती तातडीची वैद्यकीय स्थिती असते. अशा वेळी माणसाला सावलीत घ्या, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ वर फोन करा.

ऊन किती तीव्र आहे, हे कळायला ॲप लागत नाही. उभे राहून आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरणे सौम्य आहेत आणि आखूड असेल तर उघड्या पाठीने फार वेळ बसू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-नऊला ओट्यावर उन्हाकडे पाठ करून चहा पिणाऱ्या आजोबांचा प्रकार छाओच्या सल्ल्याच्या बराच जवळचा आहे.