क्लास लावला म्हणजे कॉलेज सुटत नाही

शाळेनंतरच्या खासगी शिकवण्यांना जपानमध्ये ‘जुकू’ म्हणतात. “तिकडेही मुलं क्लासच करतात,” असा दाखला नागपुरातले पालक हमखास देतात. तो अर्धाच खरा आहे. जुकू भरतो शाळा सुटल्यावर, आणि वर्गात मागे पडलेल्यांना हात देणारे जुकूही पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र अकरावीला नावापुरता प्रवेश घ्यायचा आणि दिवस क्लासमध्ये काढायचा, अशी रीत पडली आहे. आक्षेप आहे तो या ‘डमी’ प्रवेशाला.

“नीट-जेईईत बारावीचे मार्क कोण बघतं?” हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. मेडिकलची गुणवत्ता यादी नीटवर लागते हे खरं. पण खुल्या प्रवर्गाला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतातच. नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’ या अभियांत्रिकी संस्थेत जेईई मेनमधून जायचं तर याच प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. राज्य मंडळाच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत प्रात्यक्षिकाला प्रत्येकी ३० गुण असतात. ब्युरेटची तोटी हळूहळू फिरवत, कोणत्या थेंबाला रंग पालटतो हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल आणि फक्त उत्तराचा पर्याय पाठ केलेलं मूल, यांत फरक पडतोच. शिवाय बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते.

“आठवीपासून फाउंडेशन लावलं नाही तर पोरगं मागे पडतं,” हेही ऐकू येतं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, शाळेच्या वेळेत वर्ग भरवू नयेत आणि मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी. हा कायदा नव्हे, अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. तरी फी भरण्याआधी परताव्याची अट लेखी मागायला कुणाची हरकत असू नये.

क्लासच्या होर्डिंगवरचा टॉपर दोन वर्षं तिथेच शिकला, असंही धरून चालू नका. नुसती टेस्ट सिरीज लावणाऱ्याचा फोटोही झळकतो. नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याने कोणता कोर्स, किती काळ केला हे जाहिरातीत सांगावं लागतं. ते नसेल तर विचारा.

आणि पैशांशिवाय तयारीच होत नाही, असंही नाही. नागपुरातच मुख्यालय असलेली ‘महाज्योती’ ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या निवडक मुलांना नीट, जेईई, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. अर्ज दहावीनंतर, अकरावी विज्ञानाच्या प्रवेशासुमारास निघतात. नॉन-क्रीमीलेअर दाखला आधीच काढून ठेवा.