वहीतला धंदा मोबाइलवर आणताना

आपल्या समाजात पगारावर चालणाऱ्या घरांइतकीच, किंबहुना जास्त, गल्ल्यावर चालणारी घरे आहेत. २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिमांमध्ये स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे नोंदले आहे. बेकरी, चिकनचे दुकान, फळांचा व्यापार, कापडाची फेरी, गॅरेज, टेम्पो आणि ट्रक. या धंद्यांत माल एका जागी असतो आणि गिऱ्हाईक दहा जागी. मधल्या रस्त्यात काय घडते, त्यावर महिन्याचा नफा ठरतो. आणि आज त्या रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्याचा उपयोग फक्त फोन करण्यासाठी आणि व्हिडिओ पाहण्यासाठी व्हावा का, हा या लेखाचा विषय आहे.

एका खबरीची किंमत

केरळचे एक उदाहरण सर्वांनी वाचावे असे आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा सुरू झाली. त्याआधी मच्छीमार जवळच्या बंदरावर तारली घेऊन यायचे. तिथे गिऱ्हाईक नसले तर मासळी समुद्रात फेकावी लागे, आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या बंदरावर व्यापारी मासळीची वाट पाहत उभे असत. फोन आल्यावर मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने याचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली, आणि वाया जाणारा माल जवळजवळ थांबला. तेव्हाचे फोन साधे होते, ॲप नव्हते. वेळेवर मिळालेली खबर एवढेच भांडवल होते.

बेकरीची लाईन

आता आपल्याकडची बेकरी घेऊ. पहाटे भट्टीतून लादीपाव निघतो. तीन माणसे मोपेडवर तीन लाईनींना जातात. प्रत्येकाकडे चाळीस-पन्नास चहाची दुकाने आणि हॉटेले. कुणी पाच लाद्या जास्त मागतो, कुणी कालचा पाव परत करतो, कुणी अर्धे पैसे देतो आणि उरलेले जुम्म्याला म्हणतो. हे सगळे चिठ्ठ्यांवर आणि डोक्यात. रात्री हिशोब मांडताना दोनशे रुपये कमी पडले की संशय लाईनवरच्या माणसावर जातो. तो गरीब कसमा खातो, मालक गप्प बसतो, पण दोघांच्या मनात काटा राहतो.

यावर उपाय महाग नाही. गुगल फॉर्म फुकट आहे. त्यात पाचच प्रश्न ठेवायचे: दुकानाचे नाव, दिलेला माल, परत आलेला माल, मिळालेले पैसे, बाकी. माणूस दुकानातून निघतानाच फॉर्म भरतो आणि घरच्या मोबाइलमधील तक्त्यात ओळ आपोआप पडते. रेंज नसेल तिथे कागदावर लिहून पुढे भरावे. महिनाभरात हा तक्ता बोलू लागतो. कोणत्या लाईनवर सोमवारी पाव परत येतो, कॉलेजला सुट्टी लागली की कोणत्या हॉटेलची मागणी पडते, रमजानमध्ये सकाळची लाईन किती कमी करावी आणि असरनंतर किती वाढवावी, हे अंदाजाने नव्हे तर आकड्याने कळते. तेवढा मैदा वाचतो.

भाषेचा अडसर मानू नये. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, बोलूनही लिहिता येते. एक पथ्य मात्र पाळावे. दुकानांची नावे आधीच यादीत घालून ठेवावीत, म्हणजे फक्त निवडायची. एकाने उर्दूत आणि दुसऱ्याने मराठीत लिहिले तर यंत्राला ती दोन वेगळी दुकाने वाटतात.

ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. मालाची यादी भावासह टाकता येते आणि ठरावीक उत्तरे तयार ठेवता येतात. पैशासाठी २०१६ पासून यूपीआय आहे.

उधारीची नोंद तर आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषयच मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आहे. वही असो वा मोबाइल, नोंद दोन्ही पक्षांना दिसली की भांडण टळते. दर आठवड्याला गिऱ्हाइकाला बाकीचा संदेश पाठवावा, नम्रपणे.

टेम्पो-ट्रकवाल्यांसाठी

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके गेले. १ एप्रिल २०१८ पासून दुसऱ्या राज्यात साधारणपणे ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल लागते. ते मोबाइलवर काढता येते. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी बिघडून मुदत संपत आली तर ती वेळेत वाढवून घ्यावी, नाहीतर दंड बसतो. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबर बिलात भरावा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. त्यातून प्रत्येक टोलनाक्याची वेळ नोंदली जाते, म्हणून फेरीचा हिशोब लावायलाही तो उपयोगी पडतो. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवले तरी चालते.

आधी शिस्त, मग यंत्र

मोबाइल घेतला म्हणजे धंदा सुधारला, असे नाही. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून काम करत आले, आणि त्यांचे काम डब्यावरच्या रंग, आकडे आणि अक्षरांच्या खुणांवर चालते. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी त्यांची पद्धत पक्की होती. ज्या दुकानात वही नीट नाही, तिथे मोबाइल फक्त गोंधळ लवकर करील. एका लाईनपासून सुरुवात करावी, महिनाभर वही आणि मोबाइल दोन्ही चालवावेत, आकडे जुळले की पुढे जावे.

दुसरी गोष्ट माणसाची. व्हॉट्सॲपवर चालते ठिकाण १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास दाखवता येते. माल कुठे आहे हे कळण्यासाठी ते चांगले. पण नोकराला न सांगता, कामाच्या वेळेनंतरही त्याच्यावर नजर ठेवणे हा विश्वासघात आहे. तो जेवायला किंवा नमाजला थांबला म्हणून जाब विचारू नये. मोबाइल त्याचा असेल तर रिचार्ज मालकाने द्यावा. नोंद ही माणसाला पकडण्यासाठी नसून त्याच्यावरचा खोटा आळ टाळण्यासाठीही आहे, हे त्याला दिसले तरच तो ती मनापासून भरील.

तिसरी सावधगिरी फसवणुकीची. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो. स्क्रीनवर दाखवलेल्या फोटोवर विश्वास न ठेवता स्वतःच्या खात्यात रक्कम पाहावी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

हे काम कोणी करायचे?

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते इथे. घरात मोबाइल उत्तम चालवतो तो आठवी-नववीतला मुलगा. म्हणून हिशोब त्याच्या गळ्यात पडतो, मग वसुलीही पडते, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. दहावीच्या आधीच वर्गातला बाक रिकामा होतो. वडिलांना वाटते, मुलगा हाताशी आला. आम्हाला दिसते, मुलगा हातचा गेला. २०१६ च्या कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यातही फक्त शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करता येते. पण कायद्याच्या आधी आई-वडिलांनी विचार करावा.

त्याने सुट्टीत बसून अब्बांना आणि अम्मीला फॉर्म भरायला शिकवावे, एवढी मदत पुरे. घरात बारावी कॉमर्स झालेली मुलगी किंवा सून असेल तर तक्ता तिच्याकडे द्यावा. लाईनवर न जाताही धंद्याची नाडी तिच्या हातात येईल. मात्र काम तिचे आणि नाव दुसऱ्याचे असे करू नये. तिला मोबदला द्यावा, जमल्यास भागीदारी द्यावी. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. ती नोंदणी आणि वर्षभराचा स्वच्छ हिशोब हाती असेल तर बँकेत बोलणे सोपे जाते.

मोबाइलने रोजचा एक तास वाचला तर तो कुठे गेला, हेही पाहावे. तो मुलाच्या अभ्यासात आणि घरच्या माणसांत गेला तर या यंत्राची बरकत खरी.