लुपस असताना आई होता येतं का? गोळ्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या?

दिवस राहिले की घरातून पहिला सल्ला येतो, "आता गोळ्या-बिळ्या बंद कर, बाळाला बाधतील." मनानेच घेतलेल्या डोकेदुखीच्या गोळीबाबत हे ठीक आहे. पण जिला लुपस आहे, तिच्यासाठी हाच सल्ला सगळ्यात धोक्याचा ठरू शकतो.

दुसरं टोक मोबाईलवर सापडतं. गायिका सेलेना गोमेझला लुपस आहे. २०१७ मध्ये तिची किडनी बदलावी लागली. वैद्यकीय कारणांमुळे आपण स्वतः गरोदर राहू शकत नाही, असं तिने २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं आणि ती बातमी जगभर फिरली. ती वाचून 'लुपस म्हणजे मूल नाही' असा अर्थ सहज निघतो. तोही बरोबर नाही.

मग खरं काय? अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलीने यासाठी काय तयारी करायची? समजून घेऊया.

हा आजार नेमका काय आहे?

आपली रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढते. काही जणांमध्ये ती चुकून स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, किडनी यांना आधार देणाऱ्या ऊतींवर हा हल्ला झाला की लुपस (एसएलई), शोग्रेन, स्क्लेरोडर्मा असे आजार होतात. गावाकडे या सगळ्यांना सरसकट 'संधिवात' म्हटलं जातं.

लुपसमध्ये सांधे दुखतात, गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा येतो, केस गळतात, तोंडात फोड येतात, ताप आणि थकवा जात नाही. काहींच्या किडनीला सूज येते. हा आजार संसर्गजन्य नाही. दर १० रुग्णांपैकी साधारण ९ स्त्रिया असतात आणि तो बहुतेक वेळा ऐन मूल होण्याच्या वयात सुरू होतो.

उन्हातले अतिनील किरण लुपस भडकवू शकतात. खानदेशातल्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. कापूस वेचताना बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात. लुपस असेल तर ही सवय गरोदरपणातही सोडू नये.

मग मूल होऊ शकतं का?

बहुतेक जणींना होऊ शकतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ३८५ गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ८१ टक्के जणींचं गरोदरपण मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडलं. पण या अभ्यासात गर्भधारणेच्या वेळी आजार शांत किंवा सौम्य-मध्यम असलेल्या स्त्रियाच घेतल्या होत्या. म्हणजे आजार आहे की नाही यापेक्षा दिवस राहताना तो किती शांत आहे, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणूनच डॉक्टर सांगतात की आजार किमान ६ महिने आटोक्यात राहू द्या, मग मुलाचा विचार करा. लग्नाला वर्ष होत नाही तोच 'गोड बातमी कधी?' असं विचारणाऱ्या घरात हे ६ महिने मिळवणं सोपं नसतं. त्यासाठी नवऱ्याला आणि सासूबाईंना आजाराचं नाव आणि थांबण्याचं कारण माहीत असायला हवं. लग्न जमवताना आजार लपवला असेल, तर गोळ्याही लपूनछपून घ्याव्या लागतात. गोळ्या चुकण्याची सुरुवात तिथूनच होते.

फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब खूप वाढलेला असेल, किडनी किंवा हृदय फारच कमकुवत असेल किंवा अलीकडेच पक्षाघात झाला असेल, तर मात्र गरोदरपण टाळायला किंवा पुढे ढकलायला सांगितलं जातं.

या थांबण्याच्या काळात गर्भनिरोधकही विचारून निवडावं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन गोळीत इस्ट्रोजेन असतं. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्यांना ते चालत नाही. तांबी बहुतेकींना चालते.

कोणती गोळी चालू, कोणती बंद?

मार्च २०२० आठवा. कोरोनावर चालेल म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला आणि औषधाच्या दुकानांतून ती गायब होऊ लागली. नंतरच्या चाचण्यांत कोरोनावर तिचा उपयोग दिसला नाही. मुळात ही मलेरियाची गोळी, पण लुपसच्या उपचारांचा ती कणा आहे. गरोदरपणातही ती चालू ठेवायची असते. ती बंद केली तर आजार उसळण्याची शक्यता वाढते आणि उसळलेला आजार बाळाला गोळीपेक्षा जास्त घातक असतो.

थोडक्यात यादी अशी:

• सहसा चालू राहतात: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, कमी मात्रेतलं प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

• दिवस राहण्याआधीच बदलावी लागतात: मेथोट्रेक्सेट (१ ते ३ महिने आधी), मायकोफेनोलेट (किमान ६ आठवडे आधी), लेफ्लुनोमाइड, सायक्लोफॉस्फामाइड. यांनी गर्भाला इजा होऊ शकते.

• विचारल्याशिवाय नको: ब्लड प्रेशरच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात टाळायच्या असतात.

मेथोट्रेक्सेट चालू असतानाच दिवस राहिले तर? ती गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. गर्भ पाडावाच लागतो, असं दर वेळी नसतं.

कोणत्या दोन रक्ततपासण्या विसरू नयेत?

पहिली, अँटी-रो आणि अँटी-ला. आईच्या रक्तातली ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात. अशा १०० गरोदरपणांत साधारण २ बाळांच्या हृदयाचे ठोके त्यामुळे मंदावतात. म्हणून १६-१८ व्या आठवड्यापासून २६ व्या आठवड्यापर्यंत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करायला सांगतात. काही बाळांना जन्मानंतर अंगावर चट्टे येतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं संपली की काही महिन्यांत ते जातात.

दुसरी, अँटीफॉस्फोलिपिड. लुपसच्या साधारण तीनपैकी एका रुग्णात ही प्रतिपिंडं सापडतात. त्यांच्यामुळे रक्तात आणि वारेत गुठळ्या होऊ शकतात. एकीचं मूल वारंवार पडतं आणि घरात तिच्या नशिबाला, पायगुणाला दोष दिला जातो. कारण रक्तातल्या या प्रतिपिंडांत असू शकतं. तपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. या प्रतिपिंडांमुळे आधी गर्भपात किंवा गुठळी झालेली असेल, तर कमी मात्रेतलं अॅस्पिरिन आणि पोटाच्या त्वचेखाली घ्यायचं हेपारिनचं इंजेक्शन, असा उपचार आहे. त्याने बाळ हाती लागण्याची शक्यता बरीच वाढते.

अँटीफॉस्फोलिपिड नसलं तरी लुपस असलेल्या बहुतेक गरोदर स्त्रियांना कमी मात्रेतलं अॅस्पिरिन देतात. ते साधारण १२ व्या आठवड्यापासून सुरू होतं आणि गरोदरपणात ब्लड प्रेशर वाढण्याचा धोका कमी करतं.

अमळनेरमध्ये राहून हे कसं जमवायचं?

अशा गरोदरपणाला दोन डॉक्टर लागतात, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ. संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. त्यामुळे नाशिक, पुणे, मुंबई किंवा रेल्वेने सुरत गाठावी लागू शकते. ती फेरी मुलाचा विचार करतानाच व्हायला हवी. नंतरच्या बऱ्याच गोष्टी मात्र जवळपास होऊ शकतात. ब्लड प्रेशर आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला मोठं शहर लागत नाही आणि या आजारात या दोन तपासण्या सगळ्यात जास्त कामाच्या आहेत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान' असतं. त्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखमीचं गरोदरपण असेल तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. आशाताईंना आजाराचं नाव आधीच सांगून ठेवा.

बाळंतपण कुठे करायचं, हेही आधी ठरवा. नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी जवळ असलेलं रुग्णालय हवं, कारण बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता इथे जास्त असते. धुळे साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहे, जळगाव ५५ ते ६० किलोमीटरवर. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि नेमक्या त्या तिमाहीत ब्लड प्रेशर वाढण्याचा धोका मोठा असतो. फाइल सासरी आणि मुलगी माहेरी, असं होऊ देऊ नका. माहेरच्या गावातले डॉक्टर आधीच ठरवा आणि सगळ्या रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

कधी थांबायचं नाही?

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, बरगडीखाली दुखणं, फेसाळ किंवा कमी लघवी, एकाच पायावर सूज, धाप लागणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तातडीचं असेल तर १०८ ला फोन करा. ब्लड प्रेशर १४०/९० च्या वर असेल तरीही. किडनीचा लुपस उसळला आणि गरोदरपणातलं ब्लड प्रेशर वाढलं, तर दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. फरक तपासणीतूनच कळतो.

बाळ झाल्यावर?

बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांतही आजार उसळू शकतो. सगळं घर बाळाभोवती असतं आणि आईची गोळी विसरली जाते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अॅझाथायोप्रिन, कमी मात्रेतलं प्रेडनिसोलोन आणि हेपारिन घेत असतानाही बाळाला अंगावर पाजता येतं. बाळंतकाढा किंवा इतर काही सुरू करायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या घरात, शेजारात कुणाला लुपस असेल आणि ती मुलाचा विचार करत असेल, तर एवढं नक्की सांगा: कोणतीही गोळी मनाने बंद करू नकोस, आणि दिवस राहण्याची वाट न बघता सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आधीच डॉक्टरांकडे जा. ही माहिती त्या भेटीच्या तयारीसाठी आहे. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टरच ठरवतील.