उडी न मारणारा कप्तान

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या धावपळीच्या खेळांत नायकाला एक विद्या हमखास अवगत असते. ती म्हणजे उडी. खड्डा आला की उडी, भिंत आली की उडी! ही उडीच काढून घेतली, तर अशा खेळात उरेल काय? आयर्लंडचे खेळरचनाकार टेरी कॅव्हना यांनी २०१० साली नेमके हेच करून पाहिले.

त्यांच्या खेळाचे नावही विलक्षण आहे. इंग्रजीतील ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा लिहिले की झाले नाव! त्याची कथा साधी आहे. कप्तान व्हिरिडियन याचे यान संकटात सापडते व त्याचे पाच सहकारी एका अनोळखी विश्वात विखुरले जातात. त्यांना शोधून परत आणणे हे कप्तानाचे कर्तव्य होय. या सहाही जणांची नावे ‘व्ही’ने सुरू होतात, आणि वाटेत ठायी ठायी पसरलेल्या टोकदार काट्यांच्या रांगाही त्याच अक्षराच्या ओळीसारख्या दिसतात.

कप्तानाला डावीउजवीकडे चालता येते. उडीच्या बदल्यात त्याला एकच शक्ती लाभली आहे: स्वतःपुरती गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटवणे. कळ दाबताच तो छताकडे ‘पडतो’ व तेथे उलटा चालू लागतो. पुन्हा कळ दाबली की तो खाली येतो. परंतु पाय टेकलेले असल्याखेरीज ही शक्ती वापरता येत नाही. अधांतरी असताना मनात आले म्हणून मागे फिरता येत नाही. म्हणूनच कळ दाबण्यापूर्वी विचार करणे भाग पडते.

एके ठिकाणी कप्तानापुढे एक ठेंगणी पायरी येते. तिच्या पलीकडे एक चमकती वस्तू असते. अशा वीस वस्तू या खेळात ठिकठिकाणी ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या कोणत्याही नायकाने ती पायरी सहज ओलांडली असती. कप्तानाला मात्र काट्यांनी भरलेली अनेक दालने पार करीत थेट वर जावे लागते आणि तितकेच अंतर पुन्हा खाली पडत पायरीच्या पलीकडे उतरावे लागते. वीतभर अंतरासाठी केवढा हा वळसा! खेळणाऱ्याला आधी हसू येते, मग चीड येते आणि शेवटी जिद्द चढते.

ही जिद्द टिकण्याचेही कारण आहे. काट्याला स्पर्श होताच कप्तानाचा अंत होतो. परंतु क्षणार्धात तो जवळच्याच खुणेपाशी पुन्हा उभा राहतो. प्रयत्नांना मर्यादा नाही. त्यामुळे चूक ही शिक्षा न राहता शिकवण होते. शंभर वेळा पडलेला खेळाडू एकशे एकाव्या वेळी पार होतो, तेव्हा त्याचा आनंद गगनात मावत नाही.

मोठ्या कंपन्यांचे खेळ रचण्यासाठी शेकडो माणसे राबतात. हा खेळ मुख्यतः एकट्या कॅव्हना यांनी रचला. संगीत स्वीडनच्या मॅग्नुस पॉल्सन यांनी दिले. दहा वर्षांनी, २०२० साली, कॅव्हना यांनी खेळाची मूळ संगणकीय संहिताही सर्वांना अभ्यासासाठी खुली केली.

साधने पुष्कळ असली म्हणजेच मोठे काम होते, असे नाही. हाती एकच कळ असली तरी तिचे सारे उपयोग शोधणारी बुद्धी हवी. उडी गमावलेल्या कप्तानाला आभाळच जमीन झाले, ते यामुळेच.